भूक गप्प झाल्यावर

१९ ऑगस्ट १९८६, नवापूर

आज ठरवलं. लिहून ठेवते, म्हणजे उद्या माघार घेता येणार नाही.

गेल्या रविवारी न्हाणीत पाय घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. आईने आणि दादाच्या बायकोने, लाडकी वहिनीने, काखेत हात घालून पाहिले, जमलं नाही. शेवटी दामूदादा किनाऱ्यावर जाऊन बोटीवरच्या तिघांना घेऊन आला. आईने माझ्या अंगावर लुगडं टाकलं आणि चौघांनी मिळून मला उचलून ओटीवर ठेवलं. सगळे मला लहानपणापासून ओळखणारे. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. ते गेल्यावर आई म्हणाली, "चार खांदे मेल्यावर लागतात, पोरी. तुला जितेपणी लागले."

वय चौतीस. वजन एकशे एकवीस. कंपनीच्या दवाखान्यातला काटा एकशे वीसला अडकतो, म्हणून गोदामात रंगाची पिंपं मोजतात त्या काट्यावर मला उभं केलं होतं. गुडघे गेलेत, साखर वाढलीय, चार पायऱ्या चढले की छातीचा भाता होतो.

बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात मी टेलिफोन ऑपरेटर आहे. आवाज गोड आहे म्हणतात. मुंबईची गिऱ्हाइकं फोनवर गप्पा मारतात, आणि त्यांतलं कोणी कधी समक्ष आलं की माझ्यासमोर उभं राहून मलाच विचारतं, हंसा मॅडम कुठे बसतात.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी मुंबईच्या एका सर्जनचं नाव दिलंय. विलायतेत शिकून आलेत. पोटात आडवे टाके घालून वरच्या भागाची एवढीशी पिशवी करतात, मग माणसाला जास्त खाताच येत नाही. आतापर्यंत मोजक्याच लोकांवर केलंय. दादा म्हणाला, धडधाकट पोट फाडायचं कशाला. आई जाळ्याची गाठ मारत बसली.

मी जाणार.

१२ सप्टेंबर, मुंबई, इस्पितळ

ऑपरेशन होऊन चार दिवस झाले. बेंबीच्या वर वीतभर चीर आहे. खोकला आला की पोटाशी उशी दाबून धरायची.

डॉक्टर खूश आहेत. म्हणाले, "तुमचं पोट आता कोंबडीच्या अंड्याएवढं." तीन आठवडे फक्त पातळ. मग मऊ. प्रत्येक घास तीस वेळा चावायचा. जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर. दर महिन्याला दाखवायला यायचं.

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. चार दिवसांत एकदाही भूक लागली नाही. कळायला लागल्यापासून माझ्या आत कोणीतरी सतत काहीतरी मागत असायचं. जेवतानाही पुढच्या जेवणाचं बोलायचं. आता तिथे काही नाही. बिऱ्हाड हललेल्या घरात शिरावं आणि आपलीच चप्पल वाजावी, तसं वाटतं.

हे चांगलंच आहे. यासाठीच तर आले.

४ ऑक्टोबर, नवापूर

वजन एकशे सहा.

घरी राहणं जमत नाही. अंगणात बोंबील वाळतायत, त्या वासाने उलटी येते. ज्या वासात जन्मले त्याची. आई घोट-घोट पेज पाजते आणि मी गिळेपर्यंत गळ्याकडे टक लावून बसते. लाडकी वहिनी तव्यावर भाकरी टाकते तो आवाज ऐकला तरी मी बाहेर जाऊन बसते.

बोईसरला खोली घेते. कामावर जायला जवळ पडेल, असं आईला सांगितलं. ती म्हणाली, "खायला कोण बघल?" मी म्हटलं, मी चौतीस वर्षांची आहे.

२० ऑक्टोबर, बोईसर

कामावर हजर झाले. वजन एकशे एक. नागोराव, माझ्या नंतरच्या पाळीचा ऑपरेटर, लातूरकडचा साधा माणूस, खुर्चीवरून उठूनच उभा राहिला. "ताई, अर्ध्या झालात की." पाच-सहा जणांनी येऊन पाहिलं. एवढं कौतुक मला मॅट्रिक झाले तेव्हाही मिळालं नव्हतं.

खोली रेल्वे फाटकापलीकडच्या चाळीत आहे. शेजारी तानी राहते. मूळ मासवणची. आमच्याच दवाखान्यात झाडलोट करते. नवरा चिंतू पाऊस सरला की वीटभट्टीवर जातो, म्हणून सध्या एकटी. मला बाय म्हणते.

दारातून जाताना मी अजून आडवी होऊनच जाते. खुर्चीवर बसण्याआधी हाताने खुर्ची दाबून पाहते. शरीर गेलं, सवयी इथेच राहिल्यात.

२ नोव्हेंबर, नवापूर

दिवाळीला घरी आले. आईने माझ्यासाठी मऊ भात आणि काटे काढलेली घोळ मासळी केली होती. चार घास खाल्ले. पाचव्याला छातीत खुंटी ठोकल्यासारखं झालं. बोंबील वाळत घातलेल्या वलांडीमागे जाऊन ओकले, वर वाळू लोटली. परत येऊन म्हटलं, छान झालंय.

हे आता रोजचं आहे. भात राहत नाही, भाकरी राहत नाही, गोळ्या तर मुळीच नाही. पाण्यासकट परत येतात. डब्यात साठवून ठेवल्यात, पुढे जमेल तेव्हा घेईन. चहा आणि बिस्किटाचा चुरा राहतो. तेवढ्यावर माणूस चालतं की.

बाबांना समुद्राने नेलं त्याला या दिवाळीला पंधरा वर्षं झाली. आईने त्यांच्या नावाचं पान वाढून ओटीवर ठेवलं. मला एकदम त्या पानाचा हेवा वाटला. त्याला कोणी खा म्हणत नव्हतं.

१५ नोव्हेंबर, बोईसर

मुंबईला दाखवून आले. डॉक्टरांनी मला दहा-बारा डॉक्टरांपुढे उभं केलं, आधीचा फोटो बाजूला धरला. सगळे त्या फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होते. त्यांनी विचारलं, उलट्या होतात का. एवढ्या लोकांसमोर त्यांचा चेहरा इतका खुलला होता. मी म्हटलं, क्वचित.

रोज संध्याकाळी मी स्वयंपाक करते. वरण, भात, मासळी, सगळं. मग तानीला बोलावते. ती जेवते आणि मी बघत बसते. तिने पहिला घास घेतला की माझ्या जिभेला पाणी सुटतं आणि दुसऱ्याला थांबतं. ती संकोचून म्हणाली, "बाय, तुमी बघता ना, तवा मला वाटतं मी तुमचा घास खातंय."

२३ नोव्हेंबर

वजन सत्त्याऐंशी. काल नवापूरला जायला कंपनीच्या बसने गेले. दोन महिने या बसमध्ये बसले नव्हते. ड्रायव्हरच्या मागची दोघांची सीट माझी असायची, मी एकटी ती भरायचे. तिथे बसायला गेले, तर मागचा वेल्डर, वर्षभर रोज माझ्यामागे बसणारा, म्हणाला, "बहनजी, ये हंसा मैडम की सीट है. वो आती होंगी."

मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माफ करा म्हणून मागे जाऊन उभी राहिले. पाच मैल ती सीट रिकामी होती आणि कोणीही तिच्यावर बसलं नाही. मी सारखी तिकडे बघत होते. तारापूरच्या वळणावर बस कलंडली तेव्हा सीटचं रेक्झिन दबल्यासारखं वाटलं.

केस मूठभर गळतात. थंडी वाजते, टेलिफोनच्या बोर्डाजवळ शाल घेऊन बसते. तळपायाला मुंग्या येतात. कारखान्याच्या जमिनीखालच्या रसायनाने येत असतील.

३ डिसेंबर

बोर्डावर काहीतरी बिघाड आहे. एक दिवा लागला की दोन दिसतात. कोणत्या भोकात पिन घालायची कळत नाही. आज मॅनेजरसाहेबांचा फोन भट्टीखात्यात जोडला. माझ्या हातून नऊ वर्षांत असं झालं नव्हतं, दोनशे एक्स्टेन्शन मला तोंडपाठ आहेत. नागोरावने बोर्ड तपासला. म्हणाला, बोर्ड नीट आहे, ताई. मला त्याचं बोलणं आवडलं नाही. दोघंही एकाच वेळी बोलत होते.

७ डिसेंबर

आता कळलं. बिघाड नाही.

ती डाव्या बाजूला असते. आरशात पाहिलं तर मी आणि माझ्या डाव्या खांद्याला लागून ती. रुंद. निळ्या फुलांचं पातळ. ते पातळ मी ऑक्टोबरात तानीला दिलं, पण ते हिच्या अंगावर बरोबर बसतं. चेहरा मी बघत नाही.

भीती नाही वाटत. मला थोडी लाज वाटते. तिला मी न विचारता सोडून आले.

दारातून आता आधी तिला जाऊ देते. म्हणून भिंतीला धरून चालावं लागतं. जमीन बोटीसारखी हलते. तानीने विचारलं, "बाय, पाय असे फाकवून का चालता?" मी म्हटलं, दोघींना जागा हवी ना.

१० डिसेंबर

आज ती पोटभर जेवली. दोन पापलेटं, भात, सोलकढी. मी तिला वाढत होते. शेवटी ताट इतकं स्वच्छ की धुवावं लागलं नाही. मलाही बरं वाटलं. नंतर कामावर गेले, दिवसभर फोन जोडले, सगळे बरोबर लागले.

१२ डिसेंबर

बाबा आले होते. ओले होते. दोन सुरमया ठेवून गेले. आईला सांगू नको म्हणाले.

१२ डिसेंबर

आज कामावर गेले. सगळे फोन बरोबर लागले. बाबा येणार आहेत.

डिसेंबर

टेलिफोन खात्याचा म्हातारा आला होता. लंगोटी आणि वर कोट. खात्यात आता कोणालाही घेतात. तानी त्याच्याबरोबर होती. आई पण होती, दोन होत्या, दोघी रडत होत्या.

त्याने मला उभी राहा म्हटलं. उभी राहता आलं नाही. ती माझ्यावर रेलली होती. त्याने नडगी दाबली, बोट डोळ्यांपुढे इकडून तिकडे नेलं. मग काय खाल्लं विचारलं. मी म्हटलं, दोन पापलेटं. त्याने पातेल्यांवरची झाकणं काढून पाहिली. परवानगी नसताना.

तो आईला म्हणाला, "भूत नाय, भूक हाय. मेलेली भूक. म्हनून हिला ठावं नाय."

तक्रार करणार आहे. वरच्या साहेबांचं एक्स्टेन्शन आठवत नाही.

११ जानेवारी १९८७, बोईसर

आज पुन्हा पेन धरलं. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

मधले दिवस माझ्याकडे नाहीत. आठवायला गेलं की भिंत लागते. तानीने आणि आईने जे सांगितलं ते लिहिते.

नऊ डिसेंबरनंतर मी खोलीबाहेर पडलेच नव्हते. कामावर गेले नाही म्हणून नागोरावने तानीकडे चौकशी केली. तानीने दार ढकललं तर मी भिंतीला टेकून बसले होते आणि समोर दोन ताटं वाढलेली होती. दोन्ही भरलेली. भात विटला होता, पापलेटांवर लाल मुंग्या चढल्या होत्या. मी तिला म्हटलं, बस, आमचं आत्ताच झालं. पुढचे दोन-तीन दिवस ती घोट-घोट पाणी पाजत राहिली आणि माझं ऐकत राहिली. मी तिच्याशी छान बोलत होते, हेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं. "तुमचा आवाज चांगला व्हता, बाय. बोलनं समदं नीट. पन डोळं कोनीतरी धरून ठेवल्यागत."

तिने नवापूरला निरोप धाडला. चाळीतल्या बायकांचं म्हणणं पडलं की बाहेरचं काहीतरी लागलंय. आईलाही ते पटलं. तेव्हा तानी मासवणला जाऊन आपल्या काकाला घेऊन आली. देवू त्याचं नाव, गावचा भगत. म्हणजे तोच तो टेलिफोन खात्याचा म्हातारा. आईने त्याच्यापुढे कोंबडं आणि नारळ ठेवला होता. त्याने दोन्ही मागे सारलं. म्हणाला, दुष्काळाच्या वर्षी डोंगरात त्याने असे पाय आणि असे डोळे पाहिलेत. नुसत्या तांदळाच्या पांढऱ्या कण्यांवर दिवस काढलेली माणसं अशीच चालायची, आणि अशीच मेलेल्यांशी बोलायची. "माझ्या मंतरानं पोट भरत नाय. कोंबडं ठेवा, गाडी बोलवा."

नागोरावने कंपनीची गाडी मिळवली. इथल्या नर्सिंग होमचे डॉक्टर तरुण आहेत. तानीने माझा डबा त्यांच्यापुढे ओतला. तीन महिन्यांच्या गोळ्या. त्यांनी त्यातली एक उचलली, मला एकदा पाहिलं आणि सिस्टरला हाक मारली. एक जीवनसत्त्व असतं, ते शरीरात साठून राहत नाही. संपलं की आधी पाय जातात, मग डोळे, मग डोकं. डोकं जिथे रिकामं पडतं, तिथे स्वतःच काहीतरी रचून ठेवतं, आणि रोग्याला ते खरं वाटतं. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर मी गेले असते, किंवा राहिले असते आणि मला ते कळलं नसतं.

इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी आई एकच दिसली. ते मात्र मला आठवतंय. आई एकच होती आणि मी विचारलं, दुसरी कुठे गेली.

२९ जानेवारी

काठी घेऊन संडासापर्यंत जाते. आई इथेच राहायला आलीय. दिवसाला सहा वेळा एक वाटी. अर्धा तास लागतो. ती आता गळ्याकडे बघत नाही. बाजारातल्या भांडणांच्या गोष्टी सांगत बसते आणि मी त्या नादात चावते. ओकारी आली तर लपवायची नाही, एवढीच तिची अट. ओकले तर ती डॉक्टरांना सांगते, किती आणि कसं, मासळी मोजावी तसं.

मुंबईच्या सर्जनना पत्र पाठवलं. मी त्यांच्याशी खोटं बोलले हे लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, त्यांनी विचारायला हवं तसं विचारलं नव्हतं हे त्यांनी लिहिलं. दोन्ही खरं आहे.

१८ फेब्रुवारी

आज भूक लागली. दुपारी, आई बाहेर गेली होती तेव्हा. पोटात काहीतरी हललं आणि मला वाटलं, आत कोणी आलं. मग ओळखलं. दाराची कडी लावून रडले. आनंदाने की घाबरून, सांगता येत नाही. ती जुनी मागणारी परत आली, तर मी पुन्हा तीच होणार का? आणि नाही आली, तर मी कोण?

अर्धं केळं खाल्लं. राहिलं.

१५ मार्च

ही वही पहिल्यापासून वाचली. डिसेंबरच्या पानांशी थांबले. अक्षर माझं. वाक्यं नीट. दहा तारखेचं पान तर वहीतलं सगळ्यात सुबक पान आहे, एक काना चुकलेला नाही. त्या दिवशी तिने पोटभर खाल्लं असं लिहिलंय, आणि वाचताना मला ते आठवतं. सोलकढीचा रंग आठवतो. घडलं नाही हे मला माहीत आहे. तरी आठवतं.

पान फाडून टाकावंसं वाटलं. दादाला दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, ठेव. फाडलंस तर तुला वाटंल, ते पन झालंच नाय.

१ एप्रिल

कामावर रुजू झाले. दोनशेपैकी साठ-सत्तर नंबर आठवतात, बाकी गेले. नागोरावने मोठ्या अक्षरांत यादी करून बोर्डावर चिकटवलीय.  वजन एकोणऐंशी. चालताना डावा पाय अजून जरा उशिरा येतो.

६ जून

सर्जनांचं पत्र घेऊन पालघरहून एक मुलगी भेटायला आली. रखमा. सव्वीस वर्षांची, बालवाडीत शिकवते, वडिलांची लाकडाची वखार आहे. कॅन्टीनच्या दोन खुर्च्या जोडून बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, लहान मुलं मला हत्ती म्हणतात आणि मी पण त्यांना सोंड करून दाखवते. तिचं ऑपरेशन ठरलंय.

मी तिला वही वाचून दाखवली. डिसेंबरसकट. मला वाटलं, ही उठून जाईल. ती म्हणाली, "तरी मी करणार. पण ताई, माझ्याकडे लक्ष ठेवाल?"

तिला अडवायला हवं होतं का, माहीत नाही. मला स्वतःला माझं पूर्वीचं वजन परत नको आहे. हे मी पहिल्यांदाच लिहिलं.

एक गोष्ट ठरवून घेतली. ऑपरेशननंतर रोज चार वाजता वखारीतून मला फोन करायचा. काय खाल्लं, किती राहिलं, पायाला मुंग्या आहेत का.

१० ऑगस्ट

रखमाचा फोन रोज येतो. ऑपरेशनला पाच आठवडे झाले. पेज, ताक, मुगाचं पाणी. गोळ्या कुटून मधातून घेते म्हणाली. एक दिवसही चुकली नाही. नागोराव चारला दोन मिनिटं कमी असली की स्वतःच आलेले बाकीचे फोन हातात घेतो.

१७ सप्टेंबर

आजचं आजच लिहून काढते. माझ्या आठवणीवर मी काही ठेवत नाही.

गेले दोन दिवस रखमाचा फोन नव्हता. वखारीची लाइन बंद होती. आज चारला दिवा लागला. आवाज हसरा. मी विचारलं, काय खाल्लंस. ती म्हणाली, "ताई, आज अगदी मजेत. सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या, वाटीभर आमटी. सगळं राहिलं. मग बालवाडीत जाऊन आले."

त्या पोटात दोन भाकऱ्या मावत नाहीत. आणि बालवाडीला ती अजून महिनाभर जाणार नाही, हे तिनेच मला सांगितलं होतं. ती मला फसवत असती तर मला इतकी भीती वाटली नसती. फसवणारा माणूस अर्धी भाकरी म्हणतो. हिला खरंच दोन भाकऱ्यांची चव आठवत होती.

मी कानावरचा हेडफोन काढून नागोरावच्या हातात दिला. म्हटलं, पालघरला जाते. त्याने लगेच खुर्ची ओढून घेतली. एस.टी. मिळाली, मग रिक्षा.

वखारीमागच्या घराचं दार रखमानेच उघडलं. चौकट दोन्ही हातांनी धरलेली, पाय फाकवलेले. आतून तिच्या आईचा आवाज आला की दोन दिवस पोर जरा झोपाळलेली आहे, अशक्तपणा असेल. रखमा माझ्याकडे बघून गोड हसली. मग तिची नजर थोडी बाजूला सरकली.

"ताई, या ना. आणि या कोण?"

मी तिच्या आईला चप्पल घाला म्हटलं आणि आलेली रिक्षा थांबवून धरली. इस्पितळात त्यांनी आधी सलाईन लावायला घेतलं. मी सांगितलं, साखरेचं सलाईन आधी नको, जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आधी; साखर उरलंसुरलं जीवनसत्त्वही खाऊन टाकते. बोईसरच्या डॉक्टरांनी माझ्या आईकडून ते वाक्य पाठ करून घेतलं होतं, आईने माझ्याकडून. इथल्या डॉक्टरांनी मला वरून खाली पाहिलं. मी पदर सरकवून पोटावरची चीर दाखवली आणि बोईसरचा नंबर दिला. ते फोनवर बोलून आले. सव्वासहाला पहिलं इंजेक्शन दिलं. ते म्हणतात, वेळेत आणलंत. डोळे दोन-चार दिवसांत सरळ होतील. बाकीचं बघू.

रखमा झोपल्यावर तिची आई माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली. म्हणाली, तीन आठवडे पोर गोळ्यांसकट ओकत होती, तुम्हाला सांगू नको म्हणायची. तिने विचारलं, तुम्हाला दारातच कसं कळलं? मी म्हटलं, तिचे पाय पाहिले. ते खरंच आहे.

पण रखमाने "या कोण" म्हणून विचारलं तेव्हा मी तिच्या पायांकडे बघत नव्हते. मी वळून माझ्या डाव्या बाजूला पाहिलं होतं. थोडं सरकूनसुद्धा उभी राहिले होते.